आधी ओळख, मग दया

व्यापारी घराण्यांतील तरुण पिढी आता केवळ शिक्षणासाठी किंवा पेढीचा विस्तार करण्यासाठी परदेशी जाते असे नाही. पदवी आणि व्यवसाय यांच्यामधल्या मोकळ्या महिन्यांत एखाद्या दूरच्या खेड्यात राहून सेवा करावी, शाळेत शिकवावे, आरोग्य शिबिरात हातभार लावावा, वन्यजीवांच्या रक्षणाचे काम जवळून पाहावे, अशी इच्छा धरणारी मुलेमुली अनेक घरांत दिसू लागली आहेत. त्यांच्या सामानात आई खाखरे, ठेपले आणि सुकी चटणी भरून देते, तर आजी नवकाराची लहानशी पुस्तिका आठवणीने ठेवते. भाषा, पैसा, हवामान, शाकाहाराची सोय या सर्वांची चौकशी झालेली असते. एकच चौकशी बहुधा राहून जाते. त्या भूमीवर माणसांखेरीज आणखी कोण राहते?

जीवदयेचा संस्कार घरातूनच मिळालेला असतो. मुंगीला पीठ, पक्ष्याला दाणे, पांजरापोळीतील गाईला चारा, उकळण्यापूर्वी गाळून घेतलेले पाणी. ओळखीच्या जीवांसाठी ही शिकवण पुरेशी असते. परक्या भूमीत मात्र मुंगी वेगळी, पाखरू वेगळे आणि त्यांच्याशी वागण्याची रीतही वेगळी. दशवैकालिक सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. ज्याला जीव कोणता आणि त्याचे जगणे कसे हेच ठाऊक नाही, तो त्याचे रक्षण कसे करणार? पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात, त्सावोच्या अरण्याकाठी सेवेसाठी जाणाऱ्या स्वयंसेवकाला या क्रमाचा अर्थ रोज नव्याने उमगतो.

सैतान नव्हे, सिंह

केनिया जैन समाजाला परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जामनगर परिसरातील ओशवाल कुटुंबे तेथे गेली, लहान दुकानांपासून सुरुवात करून उद्योगांत स्थिरावली. मोंबासा आणि नैरोबी येथे जिनालये उभी राहिली. त्याच काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधण्यासाठी सुमारे ३२,००० हिंदी मजूर तेथे नेण्यात आले होते.

१८९८ मध्ये त्सावो नदीवर पूल बांधण्याचे काम चालू असताना दोन नर सिंह रात्री मजुरांच्या तंबूंत शिरू लागले. काटेरी कुंपणे घातली, शेकोट्या पेटवल्या, तरी माणसे उचलून नेली जात. मजुरांना ते सिंह वाटतच नव्हते. ते सैतान आहेत अशी त्यांची खात्री झाली होती. शेवटी शेकडो मजूर काम सोडून निघून गेले. पुलाच्या कामावरील अधिकारी जॉन पॅटरसन यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही सिंह मारले. बळींचा आकडा पॅटरसन यांनी १३५ इतका सांगितला होता. सिंहांच्या केसांचे आणि हाडांचे रासायनिक परीक्षण करून २००९ मध्ये संशोधकांनी तो ३५ च्या आसपास असावा असा निष्कर्ष काढला.

ते दोन्ही सिंह आज शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहेत. त्यांच्या कवट्या तपासल्या तेव्हा एका सिंहाचा सुळा तुटलेला आणि त्याच्या मुळाशी गळू झालेले आढळले. अशा जबड्याने रानरेडा धरणे कठीण. शिवाय १८९० च्या दशकात बुळकांडी रोगाच्या साथीने पूर्व आफ्रिकेतील गुरे आणि रानरेडे मोठ्या संख्येने मेले होते, म्हणजे सिंहाचे नेहमीचे भक्ष्यच उरले नव्हते. ही कारणे कळल्याने मेलेल्या मजुरांचे दुःख हलके होत नाही. परंतु भीतीला जो सैतान दिसला, तो अभ्यासाला दातदुखीने बेजार झालेला, अन्न हरवलेला प्राणी दिसतो. सैतानापुढे माणूस हतबल होतो; प्राण्यापासून सावध राहता येते.

फुंकर घालण्याचे शास्त्र

त्सावोला पोहोचलेल्या स्वयंसेवकाची पहिली गाठ मात्र सिंहाशी पडत नाही. ती पडते दिव्याभोवती फिरणाऱ्या कीटकांशी. स्वाहिली भाषेत कीटकाला ‘दुदू’ म्हणतात आणि हा शब्द नवख्याला पहिल्याच संध्याकाळी पाठ होतो.

यांतील सर्वांत बोधप्रद जीव म्हणजे नैरोबी माशी. नावात माशी असली तरी तो जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा आहे. तो चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर बसला आणि तसाच उडून गेला तर काहीच होत नाही. पण सवयीने हात उगारून त्याला त्वचेवर चिरडले, की त्याच्या अंगातील पेडेरिन नावाचे विषारी द्रव्य सांडते आणि एक-दोन दिवसांत तेथे भाजल्यासारखे फोड उठतात. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजतो. १९९७-९८ च्या अतिवृष्टीत केनियात या भुंगेऱ्यांची संख्या अफाट वाढली आणि कित्येकांनी हा दाह सोसला. त्यावरचा उपाय तेथील मुलांनाही ठाऊक असतो. मारू नये, हलकी फुंकर घालावी किंवा कागदाने अलगद उचलून बाहेर सोडावे, आणि ती जागा साबणाने धुवावी. जे घरात धर्म म्हणून शिकवले, तेच येथे वैद्य औषध म्हणून सांगतो.

पावसाळ्यात सियाफू मुंग्यांचे थवे निघतात. या मुंग्यांना डोळे नसतात. गंध आणि स्पर्श यांच्या आधारे लाखोंची रांग एकजीव होऊन सरकते. कडेला मोठ्या जबड्यांच्या सैनिक मुंग्या पहारा देतात. ही रांग घरात शिरली, तर जाणती माणसे तिच्याशी लढत नाहीत. तान्ही मुले आणि बांधलेली जनावरे आधी हलवतात आणि काही तास घर मोकळे करून देतात. रांग निघून गेल्यावर परतावे, तर झुरळे, ढेकूण, उंदीर यांचा मागमूस उरलेला नसतो. स्वयंसेवकाने लक्षात ठेवायचे ते इतकेच, की चालताना जमीन पाहावी आणि रांग दिसली तर ओलांडून न जाता वळसा घालावा.

बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकणे, अंथरूण पसरण्यापूर्वी तपासणे, अंधारात विजेरीशिवाय पाऊल न टाकणे, लाकडाच्या ढिगात हात न घालणे हे सर्व नियम विंचू आणि सापांच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी अनुभवातून घडवले आहेत. साधू-साध्वी ईर्यासमितीचे पालन करताना पुढची जमीन न्याहाळत पावले टाकतात, ते पाहत वाढलेल्या मुलाला यात नवे काही शिकावे लागत नाही. जयणा म्हणजे यत्नपूर्वक वागणे. ती जितकी समोरच्या जीवासाठी, तितकीच स्वतःसाठीही असते, हे मात्र तेथे नव्याने कळते.

चौविहार पाळणाऱ्यांनाही तेथे विशेष अडचण येत नाही. विषुववृत्ताजवळचा देश असल्याने सूर्यास्त बाराही महिने साधारण साडेसहाच्या सुमारास होतो. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्या, ज्यांना स्वाहिलीत ‘कुंबिकुंबी’ म्हणतात, दिव्याकडे हजारोंनी झेपावतात आणि ताटात पडतात. दिवेलागणीपूर्वी आटोपलेले जेवण त्यामुळे सर्वांनाच सोयीचे ठरते. काही ठिकाणी लोक याच वाळव्या भाजून खातात. स्वयंसेवकाने ते खाण्याचे कारण नाही. पण नाक मुरडण्याचेही कारण नाही. यजमानाच्या ताटाचा अवमान हीदेखील हिंसाच.

डासापाशी येऊन थांबणारा प्रश्न

फुंकरीने सुटणारे प्रश्न येथवर. डासाचा प्रश्न फुंकरीने सुटत नाही.

डास हिवतापाचा वाहक आहे याचा पुरावा भारतातच, सिकंदराबाद येथे, रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात हिवतापाने सुमारे ५,९७,००० मृत्यू झाले. त्यांतील सुमारे ९५ टक्के आफ्रिका खंडात झाले आणि तेथे दगावलेल्यांत सुमारे तीन-चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. या संकटावरील सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाची ६६ कोटींहून अधिक प्रकरणे टळली आणि त्यांतील ६८ टक्के श्रेय अशा मच्छरदाण्यांचे आहे, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला.

आरोग्य शिबिरातील स्वयंसेवकाच्या हाती हीच मच्छरदाणी असते. साधी जाळी डासाला केवळ बाहेर ठेवते, औषध लावलेली जाळी त्याला मारते. हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले ते याच अडचणीची जाण ठेवून. मारण्याच्या हेतूने मारणे, ती संकल्पी हिंसा; ती श्रावकाला सर्वथा वर्ज्य. स्वतःच्या किंवा आश्रिताच्या प्राणरक्षणासाठी नाइलाजाने घडते ती विरोधी हिंसा. तापाने फणफणलेल्या बाळाच्या खाटेवर जाळी बांधणारा हात कोणत्या भावनेने ती बांधतो, याला महत्त्व आहे. ते कार्य आनंदाने करण्याचे नव्हे, परंतु टाळण्याचेही नव्हे.

त्यातही आधीची पायरी हाती असतेच. साचलेले पाणी वाहते करणे, टाक्यांना घट्ट झाकणे बसवणे, खड्डे बुजवणे. जो डास जन्मालाच आला नाही, त्याला मारण्याचा प्रसंग येत नाही. सेवेच्या कामात हे काम सर्वांत रुक्ष असते, म्हणून ते करायला माणसे कमी पडतात. जीवदयेचा वारसा सांगणाऱ्यांनी ते आवर्जून मागून घ्यावे.

हत्ती आणि मधमाशी

त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेला लागून, वोई शहराजवळ सगाला हा डोंगरपायथ्याचा भाग आहे. येथील ताइता शेतकरी पावसाच्या भरवशावर मका, मूग, चवळी पिकवतात. तांबड्या मातीत लोळून तांबडे झालेले हत्ती उद्यानातून रात्री शेतात येतात. २०२१ च्या गणनेत केनियात ३६,००० हून अधिक हत्ती आढळले आणि त्यांतील मोठा हिस्सा त्सावो परिसरात आहे. पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा खातो. अर्ध्या एकराचे वर्षभराचे पीक एका रात्रीत संपते. डबे वाजवून, मशाली पेटवून कुटुंबे रात्री जागवतात, मुले सकाळी शाळेत पेंगतात. कधी हत्तीच्या पायाखाली माणूस सापडतो, कधी संतापलेल्या माणसाच्या भाल्याला किंवा विषारी बाणाला हत्ती बळी पडतो.

या वैरावर उपाय सापडला तो मधमाशीत. हत्तीची कातडी जाड असली, तरी डोळ्यांभोवती, कानांमागे आणि सोंडेच्या आत ती कोवळी असते, आणि आफ्रिकी मधमाशी नेमका तेथेच डंख करते. प्राणिशास्त्रज्ञ ल्युसी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाखाली विसावलेल्या हत्तींच्या १७ कुटुंबांना चिडलेल्या मधमाश्यांचा आवाज ध्वनिक्षेपकातून ऐकवला. त्यांतील १६ कुटुंबे ८० सेकंदांच्या आत तेथून निघून गेली. हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील अभ्यासात असेही दिसले, की मधमाश्यांची चाहूल लागताच हत्ती एक विशिष्ट घुमारा काढून इतर हत्तींना सावध करतात.

यातून मधुपेट्यांचे कुंपण आकाराला आले. शेताभोवती खांब रोवून साधारण दहा-दहा मीटरवर पेट्या टांगतात आणि त्या एका तारेने जोडतात. दोन खऱ्या पेट्यांमध्ये एक नकली पेटीही असते, त्यामुळे खर्च कमी होतो. हत्तीने आत शिरण्यासाठी तारेला धक्का दिला की पेट्या हेलकावतात, माश्या बाहेर पडतात आणि हत्ती माघारी फिरतो. यात विजेचा झटका नाही, खंदक नाही, बंदूक नाही. सगाला भागातील २६ शेतांवर ९ वर्षे ठेवलेल्या नोंदी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पिकांच्या ऐन हंगामात कुंपणापाशी आलेल्या हत्तींपैकी ८६ टक्क्यांपर्यंत हत्ती परत फिरले होते.

या कामात स्वयंसेवकाच्या वाट्याला जे येते, ते छायाचित्रात शोभण्याजोगे नसते. खांब उभे करणे, तारा ताणणे, कोणत्या पेटीत माश्या नांदतात आणि कोणती रिकामी आहे हे टिपणे, रात्री आलेल्या हत्तींच्या पाऊलखुणा मोजणे आणि वहीत उतरवणे. पेढीवरील रोजमेळ पाहत वाढलेल्या मुलांना ही शिस्त सहज जमावी. वर सांगितलेले टक्के अशाच रोजच्या नोंदींतून हाती येतात. एक दिवस चुकला तर हिशेब खोटा ठरतो.

पाऊलखुणांच्या मागे जाताना वाटेत हत्तीची लीद लागते आणि तिच्यात शेणकिड्यांची लगबग चाललेली असते. त्सावोतच झालेल्या आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड किलो लिदीवर दोन तासांत सुमारे १६,००० शेणकिडे जमल्याची नोंद आहे. ते लीद मातीत पुरतात, त्यातून जमीन सकस होते, बिया रुजतात. ज्या वाटेवर हत्ती चालला, तिच्यावर पाऊल टाकतानाही खाली पाहावे लागते ते यासाठी.

मधाचे काय करावे?

येथे जैन घरातील स्वयंसेवकापुढे एक अवघड प्रसंग उभा राहतो. या पेट्यांतून मध निघतो आणि तो विकून शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. जैन आचारात मध अभक्ष्य आहे. पोळ्यातून मध काढताना माश्यांना धूर दिला जातो, काही माश्या मरतात आणि त्यांनी साठवलेले अन्न हिरावले जाते. तेव्हा या कुंपणाला हात लावावा की नाही?

उत्तर घाईने देऊ नये. कुंपण नसेल तेव्हा काय घडते ते आधी पाहावे. तेव्हा हत्ती मरतो, माणूस मरतो आणि उद्यानाकाठच्या गावात वन्यजीवांविषयी द्वेष साठत जातो. कुंपण टिकायचे असेल तर पेटीत माश्या सुखाने नांदल्या पाहिजेत, म्हणून जाणता शेतकरी सगळा मध काढत नाही. उपाशी माश्या पेटी सोडून जातात आणि रिकामी पेटी हत्तीला अडवू शकत नाही. २०१७ च्या दुष्काळात फुलोराच न उरल्याने सगाला भागातील पेट्या मोठ्या प्रमाणावर ओस पडल्या आणि त्या पुन्हा भरायला वर्षे लागली. म्हणजे माशीचे जगणे ही येथे शेतकऱ्याची स्वतःची गरज आहे.

ज्याचा नियम आहे त्याने तो पाळावा. मध चाखण्याचा आग्रह नम्रपणे नाकारावा, मध काढण्याच्या कामाऐवजी तारा, खांब, फुलझाडांची लागवड, पाण्याची सोय ही कामे मागून घ्यावीत. तसे सांगितल्यास बहुतेक ठिकाणी समजून घेतले जाते. मात्र आपला नियम पाळताना त्या शेतकऱ्याला हिंसक ठरवू नये. त्याने हत्तीवर उगारलेला भाला खाली ठेवला आहे, हे विसरू नये.

जेथे दयेचाच बाजार मांडला जातो

दया आंधळी असली की तिचा व्यापारही होतो, आणि व्यापारी समाजाने तरी तो ओळखायला हवा. दक्षिण आफ्रिकेत कित्येक खासगी केंद्रांनी ‘अनाथ’ सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजण्यासाठी परदेशी स्वयंसेवकांकडून भरभक्कम शुल्क घेतले. यांतील अनेक बछडे अनाथ नव्हते. मादीला लवकर पुन्हा पिल्ले व्हावीत म्हणून ते जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडलेले होते. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह रानात परतू शकत नाही. मोठा झाल्यावर अशांपैकी कित्येकांना कुंपणात सोडून हौशी शिकाऱ्यांपुढे उभे केले जाते आणि त्यांची हाडे आशियात निर्यात होत आली आहेत. ज्याने प्रेमाने दूध पाजले, त्यानेच नकळत त्या गोळीचा खर्च उचलला. त्या देशाच्या शासनाने २०२१ मध्ये सिंहांचे असे बंदिस्त प्रजनन थांबवण्याचे धोरण जाहीर केले.

केनियातील माकडांची गोष्ट लहान असली तरी याच जातीची आहे. विश्रामगृहाच्या ओसरीवर आलेल्या वानराला दयेने केळे दिले जाते. त्याला माणसाच्या हाताची सवय लागते, ते घरात शिरू लागते, मुलांच्या हातचे ओढू लागते, आणि मग त्याला ‘उपद्रवी’ ठरवून मारले जाते. घास देणाऱ्याला हा शेवट कधीच दिसत नाही, कारण तोवर तो मायदेशी परतलेला असतो.

म्हणून मुलामुलींना अशा सेवेसाठी पाठवण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांनी व्यवहाराच्या चोखपणाने काही गोष्टी विचाराव्यात. संस्था पाहुण्यांना वन्यप्राण्याला हात लावू देते काय? दरवर्षी नवी पिल्ले येतात, ती कोठून येतात? मोठा झालेला प्राणी कोठे जातो? आपण दिलेल्या शुल्कातील किती भाग त्या गावातील माणसांपर्यंत पोहोचतो? आपण निघून आल्यावर काम कोण चालवते? सौदा करताना मालाचा उगम आणि शेवट विचारणारी माणसे दान आणि सेवा यांच्या बाबतीत मात्र संकोच करतात. येथे संकोच करणे हेच घातक.

आणि सेवेसाठी दरवेळी समुद्र ओलांडण्याची गरज आहे असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड, आजरा आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या भागांत कर्नाटकातून आलेले हत्ती गेली अनेक वर्षे ऊस, केळी, माड यांच्या बागांत शिरतात. सगालाच्या शेतकऱ्याप्रमाणेच तेथील शेतकरीही रात्री जागतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०२१ मध्ये कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात मधुपेट्यांचे कुंपण घालण्याचा प्रयोग सुरू केला. भारतीय सातेरी मधमाशी आफ्रिकी माशीइतकी तापट नसल्याने तिकडचा उपाय इकडे जसाच्या तसा चालेल असे गृहीत धरता येत नाही. येथील हत्ती, येथील माशी, येथील पीक यांची ओळख नव्याने करून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी पाऊलखुणा मोजणारी, वही चोख ठेवणारी माणसे लागतील. त्सावोहून परतलेल्या तरुणाला ते काम येते. घरापासून काही तासांच्या अंतरावर ते त्याची वाट पाहत आहे.